मोठ्या स्केलच्या डब्यांना कपलर कुठला लावायचा: कडी-हुक, कंपनीचा नकल की केडी?

जी स्केलमध्ये, म्हणजे बागेत चालणाऱ्या मोठ्या मॉडेल रेल्वेत, नवीन आलेले लोक इंजिनावर महिनाभर चर्चा करतात आणि कपलरवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या भागावर, पाच मिनिटंही नाही, आणि मग गाडी चढावर मधूनच तुटते तेव्हा सगळे रूळ तपासत बसतात. म्हणून हा रिव्ह्यू फक्त कपलरवर. ४५ मिमी गेजच्या रुळावर चालणारे माल आणि प्रवासी डबे, मुख्यतः १:२९ (म्हणजे खऱ्याच्या एकोणतिसाव्या भागाएवढे) आणि १:२२.५ चे, थोडे १:२०.३ चे, आणि त्यांना बाजारात जे काही मिळतं त्यातलं कुठलं घ्यावं हे माझं मत. मत ठाम आहे हे आधीच सांगतो.

आधी एक गोष्ट. हा सगळा घोळ होतो कारण रूळ एकच पण स्केल पाच-सहा. ४५ मिमी रुळावर १:३२ पण धावतं, १:२९ पण, १:२४, १:२२.५ आणि १:२०.३ पण. आता अमेरिकेतल्या खऱ्या स्टँडर्ड गेज डब्याच्या कपलरचा मध्य रुळापासून साधारण साडेचौतीस इंच वर असतो, म्हणजे ८७६ मिमी, तर १:२९ ला तो ३०.२ मिमी यायला हवा आणि १:३२ ला २७.४ मिमी. नॅरोगेजला खऱ्यात २६ इंच धरले तर १:२०.३ मध्ये ३२.५ मिमी. म्हणजे प्रत्येक कंपनीने आपापल्या हिशोबाने प्रामाणिकपणे बनवलं तरी दोन कंपन्यांचे डबे शेजारी उभे केले की कपलर वरखाली, आणि वरखाली असलेले नकल (पंजासारखे मिटणारे कपलर) सपाट जागेवर छान धरतात पण रूळ जरा कुठे खचला की एक उचलला जातो, दुसरा खालून निसटतो आणि अर्धी गाडी मागेच राहते. बागेतला रूळ खचतोच. पाऊस, माती, झाडांची मुळं, काहीतरी असतंच.

आता एकेक घेऊ.

एलजीबीचं कडी-हुक. लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी ही मॉडेल रेल्वे बाजारात आणली तेव्हापासूनचं हे डिझाइन आणि आजही चालतंय, यातच बरंच काही आलं. पुढे गोलसर कडी, खाली स्प्रिंगवाला हुक, दोन डबे ढकलले की आपोआप अडकतात. हे बनलंय घट्ट वळणांसाठी, त्यांच्या आर१ वळणाची त्रिज्या फक्त ६०० मिमी, आणि त्या वळणावर दुसरं काही इतक्या विश्वासाने चालत नाही हे मी खात्रीने म्हणतो. उंचीचा थोडा फरक पण ते पोटात घेतं. एका जोडीत एक हुक पुरतो पण गाडी लांब असेल तर दोन्ही बाजूंना हुक लावा, ताण वाटला जातो आणि एक निसटला तरी दुसरा धरून राहतो. तोटे दोन. एक म्हणजे डब्यांमध्ये अंतर खूप पडतं आणि ढिलाई जास्त, इंजिन सुटताना झटका शेवटच्या डब्यापर्यंत एकेक करून जातो. दुसरं म्हणजे दिसायला ते खेळण्यातलं दिसतं. पण मुलं हाताळणार असतील, वळणं घट्ट असतील, रोज संध्याकाळी गाडी गोल फिरवायची एवढंच हवं असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन आणि दिसण्याची तक्रार मनावर घेऊ नका.

डब्यासोबत येणारे नकल. बाकमन, यूएसए ट्रेन्स आणि २०१३ च्या शेवटी बंद झालेली अरिस्टोक्राफ्ट (सेकंडहँडमध्ये भरपूर मिळते), या सगळ्यांचे आपापले नकल कपलर आहेत. हाताच्या मुठीसारखा मिटणारा पंजा, खऱ्या अमेरिकन गाड्यांसारखा. त्या खऱ्या कपलरचं पेटंट ईलाय जॅनीने १८७३ मध्ये घेतलं, आणि आधीच्या लिंक-पिन पद्धतीत डबे जोडताना ब्रेकमनची बोटं आणि जीव जात होते म्हणून १८९३ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपोआप जोडले जाणारे कपलर सक्तीचे केले. म्हणून अमेरिकन मालगाडीला कडी-हुक लावलेलं माझ्या डोळ्यांना खुपतंच, हे मान्य.

या कंपनीच्या नकलचं म्हणाल तर एकाच कंपनीची पूर्ण गाडी असेल तर काम भागतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र केले की पंजांची जाडी वेगळी, मिटायची पद्धत वेगळी, आत अडकवणारी खिट्टी वेगळी. टेबलावर जोडले जातात म्हणून खूश होऊ नका, चढावर भार आला की बघा. माझ्याकडच्या एका सेटमध्ये (नाव घेत नाही) प्लास्टिकची खिट्टी लांब गाडीच्या ओढीने हळूहळू वाकते आणि पंजा आपोआप उघडतो, तेही नेमकं सगळ्यात पुढच्या डब्याचा, कारण सगळ्या गाडीचा भार त्याच एका जोडावर असतो. आठ-दहा डब्यांची हलकी गाडी सपाटीवर असेल तर असं होणारही नाही. उन्हात कायम ठेवलेलं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, तेही लक्षात ठेवा.

आता केडी, म्हणजे कपलर बनवणारी कंपनी. तिचे मोठ्या स्केलचे कपलर दोन मापांत येतात, एक लहान म्हणजे नंबर वन स्केलचं आणि एक मोठं जी स्केलचं. १:३२ आणि १:२९ ला लहान शोभतं, १:२२.५ आणि १:२०.३ ला मोठं. माझी पहिली पसंती हीच आणि कारण दिसणं नाही. कारण आहे कपलर बसवायची स्प्रिंगवाली डबी, म्हणजे गिअरबॉक्स, ज्यात कपलर स्वतःहून मध्यावर येतो त्यामुळे जोडताना वाकून हाताने सरळ करावा लागत नाही. आणि चुंबकाने सोडवणं! पंजाखाली लोखंडी पिन लोंबते, रुळांच्या मध्ये चुंबक असतो, त्यावर गाडी थांबवून जरा मागे सरकवून ताण ढिला केला की पिना बाजूला ओढल्या जातात आणि पंजे उघडतात, मग त्याच उघड्या अवस्थेत डबा ढकलत पुढे न्या आणि हवा तिथे सोडा, परत अडकत नाही. शंटिंग करणाऱ्यांसाठी यासारखं सुख नाही, मी नुसतं यार्डातलं काम तासनतास करू शकतो.

पण बागेत ती पिन त्रास पण देते. सांध्यांवर अडकते, काड्या-पाचोळा ओढत नेते. ज्यांना चुंबक वापरायचा नाहीये त्यांनी पिन सरळ कापून टाकावी, वर्षानुवर्षं लोक हेच करतात. आणि पंजाच्या बाजूची छोटी स्प्रिंग उडून गवतात गेली की संपलं, जास्तीच्या स्प्रिंगा घेऊन ठेवा. तेल अजिबात घालू नका. तेलावर धूळ बसते आणि गिअरबॉक्स जॅम होतो, कोरडं ग्रॅफाइट वापरा.

१:२०.३ मध्ये अ‍ॅक्युक्राफ्टचे धातूचे कपलरही आहेत, भक्कम आणि देखणे. नॅरोगेजची ब्रासची मॉडेल्स असतील तर तेच ठेवा, बदलायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर लोक बोलतच नाहीत. कपलर कुठला यापेक्षा तो कुठे बसवलाय, बोगीला (डब्याखालच्या चाकांच्या वळणाऱ्या गाड्याला) की डब्याच्या बॉडीला, हे जास्त मोठं आहे. बोगीला लावलेला कपलर बोगीबरोबर वळतो, म्हणून घट्ट वळणावर तो रुळाच्या मध्यावर राहतो, छान. पण मागे ढकलायला लागा, सगळ्या गाडीचा जोर थेट बोगीच्या टोकाला येतो, बोगी तिरकी होते, चाकाची फ्लँज (कडेची उभी किनार) रुळावर चढते आणि मधला एखादा हलका डबा बाहेर. लांब गाडी रिव्हर्स घ्यायची असेल तर बॉडी माउंटच हवा, मग जोर डब्याच्या सांगाड्यातून जातो आणि बोगी फक्त डबा पेलून रुळावर चालण्याचं काम करते.

बॉडी माउंटची किंमत वळणात मोजावी लागते. डबा जितका लांब तितकं त्याचं टोक वळणावर बाहेर झुलतं. ४० फुटी मालडबा १:२९ मध्ये साधारण ४२० मिमीचा, त्याला १२०० मिमी त्रिज्येवर काही प्रॉब्लेम येत नाही. पण ८५ फुटी प्रवासी डबा त्याच स्केलमध्ये जवळजवळ ८९० मिमी लांब, त्याचं टोक इतकं बाहेर जातं की शेजारी छोटा डबा असेल तर कपलर त्याला आडवा ओढून रुळावरून उतरवतो. सारखे लांब डबे एकमेकांना जोडले तर दोघं एकाच बाजूला झुलतात म्हणून निभावतं. सगळ्यात वाईट म्हणजे एस वळण, एक डबा डावीकडे झुलतो आणि पुढचा उजवीकडे, मध्ये सरळ रूळ नसेल तर कुठलाही कपलर काही करू शकत नाही. किमान एका डब्याच्या लांबीइतका सरळ तुकडा मध्ये टाका.

म्हणून मला कुणी विचारलं की सांगतो ते असं. तुमचं सगळ्यात घट्ट वळण मोजा. ६०० ते ८०० मिमीच्या आसपास असेल तर बोगीला लावलेलं कडी-हुक, आणि गाडी लांबवर मागे ढकलायचा हट्ट नको. १२०० च्या वर असेल आणि शंटिंगची आवड असेल तर मालडब्यांना बॉडी माउंट केडी. मधल्या मापाला बोगीवर बसणारे केडी मिळतात आणि एलजीबीच्या डब्यांसाठी त्यांचे रूपांतर किटही आहेत. लांब प्रवासी डब्यांना मोठं वळण नसेल तर बोगीलाच राहू द्या, उगाच हौस म्हणून बॉडीला बसवू नका.

कुठलाही निवडा पण हाइट गेज, म्हणजे कपलरची उंची तपासायचं साधन, आधी घ्या. केडीचं स्वतःचं मिळतं, ते रुळावर ठेवायचं आणि प्रत्येक डबा त्याला लावून बघायचा, वर असेल तर गिअरबॉक्स आणि डब्याच्या तळामध्ये पत्री घालून खाली आणायचा, खाली असेल तर बैठक तासून वर न्यायचा. कंटाळवाणं काम आहे पण चढावर गाडी तुटण्याच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात असा माझा अनुभव आहे.

आणि सगळे डबे एकदम बदलायची गरज नाही. एका डब्याला एका टोकाला कडी-हुक आणि दुसऱ्या टोकाला केडी लावा, तो जुन्या आणि नव्या डब्यांच्या मध्ये जोडा, आणि सावकाश एकेक करत पुढे जा. सुरुवात इंजिनामागच्या डब्यांपासून करा, भार तिथेच सगळ्यात जास्त असतो, शेवटचा गार्डचा डबा सगळ्यात उशिरा बदलला तरी चालतं.