सांगलीतल्या विश्रामबागचा पायथॉन क्लास: स्ट्रिंग आणि लिस्ट पक्कं करायचं असेल तर जरूर जा

मी सांगली मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो, बी.कॉम. झालंय, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. सौदे झाले की लॉटचे भाव व्हॉट्सॲपवर येतात, ते एकेक करून एक्सेलला टाकायचे, सीझनला रात्रीचे नऊ वाजतात. भाच्याने सांगितलं की मामा हे पायथॉनवर (कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा) दोन मिनिटांत होतंय, म्हणून नाव घातलं. त्याआधी दुसरीकडे पैसे भरून बघितले होते, तिथं स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि लिस्ट (म्हणजे यादी) दोन्ही एका तासात उरकलं आणि तिसऱ्या दिवशी डायरेक्ट मशीन लर्निंग, मला काहीच कळंना, सोडून दिलं.

इथं पहिले तीन आठवडे हे दोनच विषय. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, तुमच्या रोजच्या कामातलाच डेटा घेऊन या. मी आमचा मेसेज दाखवला, 'राजापुरी, लॉट १२, १४२००' असा, म्हणजे हळदीची जात, लॉट नंबर आणि भाव. स्वल्पविरामावर स्प्लिट मारलं की तीन तुकड्यांची लिस्ट होते, पण मागच्या दोन तुकड्यांना पुढे स्पेस चिकटून येते ती स्ट्रिपने काढायची, आणि भाव पाहिजे तर इंडेक्स (जागेचा नंबर) २ द्यायचा कारण मोजणी शून्यापासून. इथपर्यंत जमलं. मग मी दिवसाचा सगळ्यात जास्त भाव काढायला मॅक्स लावलं तर १४२०० सोडून ९५०० आलं! सरांनी लगेच उत्तर नाही सांगितलं, विचारलं, शब्दकोशात शब्द कसे लावतात? पहिलं अक्षर बघून. मग ९ हा १ च्या पुढचा, म्हणून ९५०० मोठा, कारण अजून ते आकडे नाहीत, स्ट्रिंग आहेत. प्रत्येकाला इंट लावलं, म्हणजे आकड्यात बदललं, आणि मिटलं. आणि इंटला देवनागरी आकडे पण चालतात, हे बघून मला फार बरं वाटलं, आमचे अर्धे मेसेज तसेच असतात.

मराठी स्ट्रिंगवर त्यांनी वेगळा एक तास घेतला, हे मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. 'सांगली'ची लेन (लांबी) ६ येते, आपण वाचताना तीन अक्षरं म्हणतो पण काना, अनुस्वार, वेलांटी प्रत्येक वेगळं मोजलं जातं, त्यामुळे शब्द उलटा केला की वेलांटी सगळ्यात पुढं येऊन लोंबकळते. शेतकऱ्यांच्या नावाची पहिली दोन अक्षरं कापून कोड करायचा माझा विचार होता, तो तिथंच बदलला.

सगळ्यात कामाची गोष्ट लिस्टच्या आठवड्यात कळली. मी कालच्या भावांची लिस्ट 'आज' नावात टाकली आणि आजचे भाव बदलले, तर कालचेही बदलले. घरी तासभर डोकं धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर एक पोतं काढलं आणि त्याला दोन चिठ्ठ्या बांधल्या, म्हणाले पोतं एकच आहे, नावं दोन झाली, दुसरं पोतं पाहिजे असेल तर कॉपी म्हणावं लागतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण, आता जन्मात विसरणार नाही. स्ट्रिंगला ही भानगड नाही कारण ती जागेवर बदलतच नाही, रिप्लेस केलं तरी नवीन स्ट्रिंग मिळते, ती नावात परत ठेवावी लागते. लिस्टची सॉर्ट मात्र जागेवरच होते आणि हातात नन (None, म्हणजे काहीच नाही) देते, तिथं बॅचमधले निम्मे लोक अडकले होते.

आता कमी काय ते पण सांगतो. मशीन कमी आहेत, दोघांत एक येतं, स्वतःचा लॅपटॉप न्या. नोट्स सगळ्या इंग्लिशमध्ये आहेत, शिकवणं इतकं चांगलं मराठीत आणि कागद इंग्लिशमध्ये, याचा मिरजेहून येणाऱ्या एका ताईंना खूप त्रास झाला, त्या रोज वर्ग सुटल्यावर थांबून मराठीत उतरवून घ्यायच्या. हे क्लासने खरंच मनावर घ्यावं. एखादा दिवस चुकला तर परत घेत नाहीत, सीझनमध्ये माझे दोन तास गेले ते गेलेच.

फी साडेतीन हजार, मला रास्त वाटली. संध्याकाळी सातच्या बॅचला जा, नोकरीवाले आणि दुकानदार असतात, सर पण निवांत असतात. परवा ६४ लॉटचा मेसेज पेस्ट केला, जात लावून, भाव उतरत्या क्रमाने, मालकांना जेवायच्या आधी यादी पाठवली. आता पायथॉनमधलाच फंक्शन हा पुढचा विषय, त्या बॅचचे पैसे भरून आलोय.