पिंप्राळ्यातलं भोजनालय: तीन ऋतूंनंतरचा अनुभव

बदली होऊन जळगावला आलो, पिंप्राळ्यात खोली घेतली आणि जवळचं भोजनालय धरलं. पावसाळा, हिवाळा झाला, आता उन्हाळाही इथेच चाललाय, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवभाजीला तोड नाही. रस्सा उकळता येतो आणि जाड, तिखट शेव वाढताना वरून पडते, त्यामुळे लगदा होत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी तव्यावरूनच ताटात. डाळ मात्र रोज पातळ.

पण मी इथला झालो तो जेवणानंतरच्या तासामुळे. हात धुतल्यावर इथे कुणी उठवत नाही. बाहेरच्या बाकावर रेल्वेतून निवृत्त झालेले नाना, केळीच्या गाड्या भरून आलेले हमाल, स्पर्धा परीक्षेची पोरं, सगळे टेकतात. कापसाचा भाव काय निघाला, नळाला पाणी कधी येणार, कुणाला रक्त हवंय, सगळं इथेच कळतं. दिवाळीच्या सुमारास मी तापाने पडलो आणि जेवायला गेलो नाही, तर मालक आबांनी पोराच्या हाती मऊ खिचडी आणि भाजलेला उडदाचा पापड पाठवला. वहीत ते पैसे मांडलेच नाहीत.

हिवाळ्यात भरितासाठी एकदा तरी याच. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं इकडे बरीच. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की भरिताला ऊत येतो. बामणोदकडची मोठी, हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी गिऱ्हाईकं स्वतः आणून देतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे बाकावरचे शेतकरी प्रत्येक नवख्याला अभिमानाने सांगतात. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात. मग बाकावरचे सगळे गोल करून सालं काढायला बसतात. बोटं पोळली की पाण्यात बुडवायची आणि पुन्हा सोलायचं. ठेचायचा मान नानांचा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडली की अंगणभर वास सुटतो. त्या रात्री बँकेचा साहेब आणि हमाल एकाच पंगतीत असतात.

तक्रार एकच, पण मोठी. बाकाजवळ तंबाखू थुंकतात, म्हणून बायका आत यायला कचरत. आबांशी बोललो, त्यांनी आत घरच्या मंडळींसाठी वेगळं टेबल लावलं. आता भजन आटोपून गल्लीतल्या मावश्या चहाला येतात, पण थुंकणं अजून थांबलेलं नाही.

भरीत हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि रविवारी आठच्या आत पोचा.