बाळाची गोधडी: आजीच्या साडीची की नव्या कापडाची?

बाळंतविड्यातली झबली, टोपरी, दुपटी आता विकत मिळतात आणि चांगली मिळतात. गोधडी मात्र अजूनही घरी करावीशी वाटते. त्यात बाळाची आई लहानपणी जे गोष्टीचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायची, त्यातली चित्रं गोधडीवर आणायचं मनात आलं, की पहिला प्रश्न पडतो: कपाटातल्या जुन्या साड्या काढायच्या की नवं कापड आणायचं?

मी दोन्ही केलं आहे. भाचीच्या मुलीसाठी जुन्या साड्यांची, सगळी हाताने. पुतण्याच्या मुलासाठी नव्या कापडाची, आत वॅडिंग म्हणजे फुगीर भरावाचा तयार थर घालून मशीनवर. गोष्ट दोन्हींवर एकच, भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघालेल्या म्हातारीची. दोघंही ठाण्यातच, भाची नौपाड्यात, पुतण्या घोडबंदर रोडला. जाणं-येणं असल्यामुळे रोजच्या वापरात दोन्हींचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

घरात अंगावर वापरून मऊ झालेल्या दोन सुती साड्या असतील आणि हातात दीड-दोन महिने असतील, तर साडीचीच करा. यातलं एक जरी नसेल, तर नव्या कापडाची करायला अजिबात संकोच नको.

साडीच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्पर्श. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती साडीतली खळ कधीच गेलेली असते, आटायचं तेवढं ती आटलेली असते आणि सुटायचा तो रंगही सुटून गेलेला असतो. नवं कापड कितीही चांगलं आणलं तरी ही तिन्ही कामं आपल्याला करावी लागतात. कापायच्या आधी दोनदा धुवायचं, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग लागतो का ते बघायचं. लाल आणि गडद निळ्याच्या बाबतीत हे चुकवू नका. मी नवं कापड एकदाच धुऊन कापलं होतं. पहिल्या धुण्यात वरचं कापड आटलं, आतलं वॅडिंग आटलं नाही आणि सगळ्या चौकोनांवर बारीक सुरकुत्या आल्या. त्या आजही आहेत.

आतल्या भरावात दोन्ही प्रकार खरे वेगळे होतात. साडीच्या गोधडीत वेगळा भराव नसतोच, थरांवर थर असतात. साडेपाच मीटरच्या सहावारीतून ३६ इंची लांबीचे बरोबर ६ थर निघतात. निऱ्यांकडचा झिजलेला भाग बाजूला काढला तरी ४ नक्की मिळतात आणि ठाण्याच्या दमट हवेत बाळाला ४ थर पुरतात. नव्या कापडात पॉलिस्टरचं वॅडिंग घातलं तर गोधडी फुगीर आणि देखणी दिसते, पण घाम शोषत नाही. भाचीची लेक तिच्या गोधडीवर दुपारभर लोळायची. पुतण्याच्या मुलाची पाठ मात्र मे महिन्यात वॅडिंगवर भिजून जायची, शेवटी वर दुपटं घालावं लागलं. नवंच कापड घ्यायचं असेल तर आत वॅडिंगऐवजी फलालीनचा एक थर घाला. पिंजलेला कापूस नको. तो धुतल्यावर गोळा होतो, आणि बाळाची गोधडी दर दोन दिवसांनी धुवावीच लागते.

वाळण्यात मात्र नव्या गोधडीने बाजी मारली, हे सांगितलंच पाहिजे. जुलैमध्ये पुतण्याच्या गॅलरीत पॉलिस्टरवाली एका रात्रीत पंख्याखाली वाळायची. साडीची तशाच पावसात दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात ओलसर लागायची. बाळाचे पहिले महिने पावसाळ्यात येणार असतील आणि घरात ऊन येत नसेल, तर साडीचे ३ थरच घ्या, किंवा एका मोठ्या गोधडीऐवजी दोन लहान करा.

आता हाताच्या श्रमाचं. ३६ बाय ३६ इंचाच्या गोधडीवर इंचा-इंचावर धावदोरा घातला तर सगळे टाके मिळून साधारण ३३ मीटर शिवण होते. माझा हात तासाला मीटरभर चालतो, म्हणजे रोज एक तास धरून पाच आठवडे. कडेपासून सुरुवात करून चौकटीत चौकट घालत मध्याकडे या, म्हणजे थर सरकत नाहीत. सुती, दुपदरी दोरा वापरा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो, जुन्या साडीला तो कापत जातो. मशीनवर हेच काम दोन रविवारांत होतं, पण साध्या पायमशीनवर वॅडिंगचे थर पुढे-मागे सरकतात. आधी हाताने मोठे कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवलं नाही तर गोट लावताना कोपरे जुळत नाहीत. नोकरी करून संध्याकाळी लोकलने घरी येणाऱ्या बाईला पाच आठवडे सुई धरायला सांगणं मला रास्त वाटत नाही. तिने मशीनवरच करावी.

पुस्तकातली चित्रं कशी आणायची, यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. तीन मार्ग आहेत. कापडी आकार कापून लावणं, भरतकाम, किंवा कापडाचे रंग. रंग मी बाळासाठी वापरणार नाही. मूल गोधडीचं टोक तोंडात घालतंच आणि रंगवलेला भाग कडकही होतो. पुतण्याच्या गोधडीवर मी इस्त्रीने चिकटवायचे आकार लावले आणि भोवती झिगझॅग टीप मारली. म्हातारी, कोल्हा, वाघ, सगळे एका दुपारी तयार. पण चिकटवलेला भाग पुठ्ठ्यासारखा लागतो, आणि पुढे धुऊन धुऊन वाघाच्या कानाच्या कडा उसवल्या. भाचीच्या गोधडीवर कडा आत दुमडून बारीक टाके घातले. भोपळा ताईच्या जुन्या केशरी ब्लाउजचा, म्हातारीचं लुगडं माझ्या आईच्या साडीच्या काठाजवळचं. काठावरची जर मात्र काढून टाकली, कारण ती टोचते. त्या आकारांचा एकही टाका अजून सुटलेला नाही.

चेहरे, मिशा आणि शेपट्या साखळी टाक्याने करा, पण सगळे थर एकत्र करायच्या आधी, फक्त वरच्या थरावर. मग गाठी आणि लोंबणारे धागे आत झाकले जातात. बाळाच्या बोटाभोवती सैल धागा गुंडाळला जाऊ शकतो, म्हणून हे महत्त्वाचं आहे. डोळ्यांसाठी बटण, मणी, टिकली काहीही शिवू नका, गाठी टाका पुरतो.

चित्रं मध्यभागी घालायची चूक मी एकदा केली. मधला भाग सगळ्यात जास्त ओला होतो, घासला जातो, आणि तिथे बाळ झोपलेलं असल्यामुळे त्याला तो दिसतही नाही. पालथं पडायला लागलेलं मूल मान उचलून समोर, कडेकडे बघतं. म्हणून भाचीच्या गोधडीत चार कोपऱ्यांत चार प्रसंग घातले आणि मध्ये नुसता धावदोरा ठेवला. कोवळ्या बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरवरचं आणि ठळक फरकाचं चांगलं दिसतं. विटलेल्या फिकट साडीवर गडद आकार त्यामुळेच उठून दिसले. नव्या छापील कापडावर माझा कोल्हा फुलांतच हरवला होता.

गोष्ट लोककथेतली असली तरी पुस्तकातली चित्रं चित्रकाराची असतात. घरच्या बाळासाठी त्यावरून आकार उतरवला तर कुणाचं नुकसान नाही, पण अशा गोधड्या करून विकायच्या असतील तर भोपळा आणि म्हातारी स्वतः काढा. आपल्या कायद्यात हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो.

सामानासाठी साडीवालीला सुई, दोरा आणि गोटाचं कापड एवढंच लागतं, ते गोखले रोड किंवा स्टेशनजवळच्या गल्ल्यांत मिळून जातं. नवं कापड घेणारीने एकदा मुंबईच्या मंगलदास मार्केटला चक्कर मारावी. तिथे सुती कापडाचा पन्हा विचारून घ्या. ३६ इंची पन्ह्यातून कापलेला तुकडा आटल्यावर तोकडा पडतो, ४४ इंची घ्या.

आणि दोन्हींना सारखीच लागू असलेली एक गोष्ट. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा तोंडाजवळ गोधडी नको. बाळाचा श्वास कोंडू नये म्हणूनच बालरोगतज्ज्ञ सैल पांघरुणाला आणि मऊ अंथरुणाला नाही म्हणतात. जागं असताना, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना खाली अंथरायला ती करायची, पांघरायला नंतर. म्हणून जाडीचा हव्यास करू नका. आहेर देताना हे बाळाच्या आईला तोंडाने सांगा. आजी घरात असेल तर तिलाही सांगा, कारण पांघरूण घालणारा हात बहुधा तिचाच असतो.

दिवाळीच्या सुमाराला बाळ यायचं असेल तर साड्या मे महिन्याच्या उन्हात धुऊन वाळवून ठेवा. कोपऱ्यांतले आकार जूनमध्ये शिवा, धावदोरा जुलैपासून सुरू करा, आणि गणपतीच्या गडबडीआधी गोट लावून मोकळ्या व्हा. शेवटचं धुणं ऑक्टोबरच्या उन्हात होऊ द्या.