फॅफ्सा पुरेसा आहे, की सीएसएस प्रोफाईलही भरावा?

अमेरिकेत पदवीच्या शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य हवे असेल, तर दोन अर्जांची नावे कानावर येतात. पहिला फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारचा विनाशुल्क अर्ज. दुसरा कॉलेज बोर्ड या संस्थेचा सीएसएस प्रोफाईल, जो प्रामुख्याने खाजगी महाविद्यालये मागतात. दोन्ही अर्ज कुटुंबाची ऐपतच मोजतात, पण त्यांची मापे इतकी वेगळी आहेत की एकाच घराची गरज एका अर्जात मोठी दिसते आणि दुसऱ्यात जवळपास नाहीशी होते. त्यामुळे कोणता अर्ज भरावा हा प्रश्न मुळात कोणत्या महाविद्यालयांच्या दारात जावे, असा आहे.

फॅफ्सासाठी विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा कायद्याने पात्र ठरवलेल्या अन्य मोजक्या गटांतील असावा लागतो. पालकांचे नागरिकत्व मात्र पाहिले जात नाही, आणि ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक पात्र मुले अर्जच करत नाहीत. याउलट एच-४ व्हिसावर (तात्पुरत्या कामासाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा) वाढलेल्या मुलाला, त्याचे सारे शालेय शिक्षण तिथेच झालेले असले तरी, केंद्राचे साहाय्य मिळत नाही. अशा मुलासाठी, आणि परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही, महाविद्यालयाचा स्वतःचा निधी हाच मुख्य मार्ग उरतो. त्यासाठी बहुधा सीएसएस प्रोफाईल किंवा महाविद्यालयाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो.

फॅफ्सातून 'स्टुडंट एड इंडेक्स' नावाचा आकडा निघतो. तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो आणि जितका कमी, तितकी गरज अधिक मानली जाते. या आकड्याच्या आधारे पेल ग्रँट (२०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर, परतफेड नाही), वर्क-स्टडी (शिकताना अर्धवेळ काम करून कमाई) आणि सरकारी कर्जे ठरतात. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी स्वतःच्या नावावर ५,५०० डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज मिळते. त्यातील जास्तीत जास्त ३,५०० डॉलरवर शिक्षण चालू असेपर्यंतचे व्याज सरकार भरते. महागड्या खाजगी महाविद्यालयाच्या खर्चापुढे या रकमा तोकड्या पडतात. तिथली मोठी सवलत महाविद्यालयाच्या तिजोरीतून येते, आणि ती देण्याआधी त्यांना अधिक खोलात जाऊन पाहायचे असते.

खरा फरक घर आणि नाती यांच्या हिशेबात आहे. राहते घर फॅफ्सा मोजतच नाही. कर्ज फेडून झालेले, बाजारभावाने फुगलेले घर असले तरी त्याची नोंद होत नाही. दुसरे घर मात्र, ते कुठेही असो, गुंतवणूक म्हणून दाखवावे लागते. सीएसएस प्रोफाईलमध्ये राहत्या घराची किंमत आणि त्यावरील कर्ज दोन्ही विचारले जातात. त्या माहितीचे काय करायचे, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते: हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड राहत्या घराचे मूल्य धरत नाहीत, इतर अनेक जण धरतात. भावंडांच्या बाबतीत उलटे चित्र दिसते. दोन मुले एकाच वेळी महाविद्यालयात असतील तर मिळणारी सूट फॅफ्साने २०२४-२५ पासून काढून टाकली, पण सीएसएस प्रोफाईल वापरणारी बरीच महाविद्यालये ती अजूनही विचारात घेतात. जुळ्या मुलांच्या पालकांना हा एकच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

पालक विभक्त असतील, तर फॅफ्सा मागील बारा महिन्यांत अधिक आर्थिक आधार देणाऱ्या पालकाची माहिती घेतो. त्याने पुनर्विवाह केला असल्यास नव्या जोडीदाराचीही. सीएसएस प्रोफाईल मागणारी पुष्कळ महाविद्यालये मात्र दुसऱ्या पालकाकडून वेगळा अर्ज मागतात. संपर्क तुटलेला असेल तर सूट मागता येते, परंतु त्यासाठी कागदपत्रे जमवावी लागतात आणि त्यात वेळ जातो. माझ्या मते अशा कुटुंबाने महाविद्यालयांची यादी करतानाच हा नियम तपासावा, अर्ज पाठवल्यानंतर नव्हे.

खर्च आणि श्रमांचे म्हणाल, तर सीएसएस प्रोफाईलला पहिल्या महाविद्यालयासाठी २५ आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर पडतात. अमेरिकेतील एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना ते माफ असतात. फॅफ्सात कराची माहिती थेट कर खात्याकडून येते. त्यासाठी विद्यार्थी आणि पालक यांनी आपापल्या खात्यातून संमती द्यावीच लागते, अन्यथा केंद्राचे साहाय्य मिळतच नाही.

केवळ सरकारी विद्यापीठे आणि कम्युनिटी कॉलेजे यादीत असतील, तर बहुतेकांना फॅफ्सा पुरतो. खाजगी महाविद्यालये असतील, तर पात्र विद्यार्थ्याने दोन्ही भरावेत, पण आधी त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील 'नेट प्राईस कॅल्क्युलेटर'मध्ये आपले आकडे घालून पाहावेत. तिथला अंदाज परवडण्यापलीकडचा निघाला, तर २५ डॉलर आणि एक रविवार वाचतो. दोन्ही अर्ज साधारणतः १ ऑक्टोबरच्या सुमारास खुले होतात, परंतु 'अर्ली डिसिजन'साठी (प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याच्या बांधिलकीने लवकर केलेला अर्ज) सीएसएस प्रोफाईलची मुदत अनेकदा नोव्हेंबरमध्येच संपते. दोन्हींत दोन वर्षांपूर्वीच्या कराचे आकडे आधारभूत असतात (२०२६-२७ साठी २०२४ चे). मधल्या काळात नोकरी गेली असेल, तर अर्जात आकडे बदलू नयेत; अर्ज जसाच्या तसा भरून महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे पुराव्यांसह फेरविचाराची लेखी मागणी करावी.