झोआ सांगून पॅली गळ्यात मारल्या, १२,२५० रुपये गेले

झोआ (झोआन्थस, समुद्री टँकमधले रंगीत, फुलासारखे कोरल) घेणाऱ्यांनो, निळ्या लाइटमधला फोटो बघून एक रुपयाही पाठवू नका. मी पाठवले. ‘रास्ता’ या प्रकाराचे सहा पॉलिप (एकेक ‘फूल’), ९०० प्रमाणे ५,४००, ‘अटर केऑस’चे चार, १,५०० प्रमाणे ६,०००, पॅकिंग-कुरिअर ८५०. सगळे यूपीआयने, आगाऊ. आल्या त्या तपकिरी पॅली (पॅलिथोआ, झोआच्याच जातकुळीतल्या), ज्या दुकानदार लाइव्ह रॉकसोबत (टँकमध्ये ठेवायच्या समुद्री दगडासोबत) फुकट देतो.

व्हाइट लाइटमध्ये व्हिडिओ पाठव म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, “दादा, व्हाइटमध्ये मोबाइल कलर पकडत नाही.” तिथेच फोन ठेवायला हवा होता! ते वाक्य आठवलं की आजही डोकं फिरतं. खरी रास्ता पांढऱ्या उजेडातही रंगीत दिसते. निळ्याखाली साधी हिरवी पॅलीसुद्धा झळकते. पण नंबर हॉबीतल्याच जुन्या माणसाने दिलेला, आणि हा गडी माझ्या टँकची सॅलिनिटी, अल्कलिनिटी विचारत होता. कुणीही विश्वास ठेवला असता.

पार्सलमधले पॉलिप मिटलेले होते. प्रवासानंतर ते मिटतातच, म्हणून विक्रेत्याचं “चार दिवस थांबा” हे पटतं. तेवढ्यात तो ब्लॉक करून मोकळा. पण मिटलेला फ्रॅगही (कोरलचा कापून विकलेला तुकडा) ओळखता येतो. पॅलिथोआ अंगात वाळूचे कण मुरवते, झोआन्थस नाही. भिंगातून देठ बघा, टूथपिक हलकेच फिरवा. माझ्या दहाही पॉलिपचे देठ जाड, चामट, आणि कातडीत पांढरे कण रुतलेले. टूथपिक सँडपेपरवरून फिरल्यासारखी खरखरत होती. हे करताना ग्लोव्ह आणि गॉगल घालाच, पॉलिप दाबला की पाणी उडतं.

हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. काही पॅलींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळं काढलेलं हे विष उकळूनही जात नाही. रॉकवर गरम पाणी ओतून पॅली घासताना उडालेल्या वाफेने घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत. माझ्या घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि या माणसाने पार्सलवर एक शब्द लिहिला नाही.

पोलीस चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, “कोरल तर बॅन आहे ना? तुमच्यावरच केस होईल.” मी कायदा उघडून दाखवला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हार्ड कोरल, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन आहेत, झोआ नाहीत. बघितलंसुद्धा नाही. सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक मंचात जायचं तर विक्रेत्याचा पत्ता आणा! पत्ता शोधायचं काम माझं, मग यांचं काम कोणतं? याच भीतीवर आणि याच टोलवाटोलवीवर असले लोक पोसले जातात. तरी पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा, चार दिवस थांबू नका.

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. फोटोसोबत तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी टँकसमोर धरायला सांगा.

आणि तो फोटो अजून फिरतोय, आता दुसऱ्या नंबरवरून. जांभळी कड, पिवळट हिरवा मध्य, खाली उजवीकडे कोपरा तुटलेला फ्रॅग प्लग (फ्रॅग चिकटवायची चकती). दिसला तर घेऊ नका.