लीकेजसाठी मीटर बरंय, पण मिथेन कुणाचा ते ह्याला विचारू नका (५ पैकी ३ स्टार)

मी औसा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, घरी दोन म्हशी, एक गाय आणि वडलांनी बसवलेला गोबर गॅस. पोरांना विज्ञान प्रदर्शनात मिथेनवर काहीतरी करायचं होतं म्हणून हे हातात धरायचं मिथेन मीटर ऑनलाइन मागवलं, १,७५० ला पडलं. कंपनीचं नाव टाकत नाही, असलं वाकड्या नळीचं मीटर धा नावानं विकायलेत.

आधी चांगलं सांगतो. आल्या दिवशीच आमच्या गोबर गॅसच्या कॉकपाशी नेलं तर लागलं की बोंबलायला. तिथं साबणाचा फेस लावून मी दोनदा बघितलं होतं, बुडबुडा काय दिसला नव्हता. नळी बदलली, आवाज बंद. आपल्या गॅसमधे निम्म्याच्या वर मिथेन असतो आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते, त्यामुळं ह्या एका कामासाठी पैसे वसूल झाले असं घरचेबी म्हणायलेत. बॅटरी मात्र लई खातंय. आतला सेन्सर तापवूनच चालतो, त्याला इलाज नाही, चार सेल जास्तीचे ठेवा.

आता स्टार कशाला कापले ते. पेजवर मोठ्या अक्षरात लिहिलंय 'मिथेन सोर्स आयडेंटिफिकेशन'. मी येडा, मला वाटलं काहीतरी वेगळंच तंत्र घातलंय म्हणून. फोन लावला तर तिकडून पोरगी म्हणे, "सर, सोर्स म्हणजे लीकेज कुठंय ते." मी म्हणलं, "ताई, मग लीकेजच लिहा ना, सोर्स म्हणजे हा मिथेन म्हशीचा का कोळसा खाणीचा का जाळलेल्या पाचटाचा ते." पोरगी गप. तिची काय चूक, तिला दिलेलं वाचून दाखवायली.

खरं म्हणजे ह्या मीटरला मिथेन असा ओळखताच येत नाही, जळणारा कुठलाबी गॅस आला की ते ओरडतंय. सिलेंडरचा गॅस, सॅनिटायझर, डिओ मारलेलं कार्टं जवळून गेलं तरी बीप. आणि मोजणी ५० पीपीएमपासून (हवेच्या दहा लाख भागांत ५०) पुढं, आपल्या साध्या हवेत मिथेन असतो १.९ पीपीएमच्या आसपास. म्हणजे शेतात उघड्यावर धरलं की शून्य. प्रदर्शनात पोरं शून्य दाखवत बसणार का?

कुणाचा मिथेन ते कळतं आयसोटोपनं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंनी. कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक १३ वजनाचा असतो, बाकी १२ चे. मिथेन जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा आणि मशीनवर ४४ वजनाचे रेणू किती, ४५ चे किती ते मोजायचं. ठरलेल्या मापापेक्षा जड कार्बन हजारी किती कमी, असा आकडा निघतो (उणे जितकं कमी तितका मिथेन जड). जंतूंनी केलेला मिथेन, म्हणजे दलदल, भातखाचर, जनावराचं पोट, हा उणे ६० च्या आसपास, खाणी-तेलविहिरींचा उणे ४४ च्या आसपास, जाळपोळीचा त्याहूनबी जड. हवेतला सरासरी उणे ४७. २००७ पासून हवेतला मिथेन वाढत चाललाय आणि आकडा हलक्याकडं सरकायलाय, म्हणून तर जंतूंच्या मिथेनवर जास्त बोट दाखवलं जातंय. त्यातबी गंमत, ज्वारीचा कडबा, मका, ऊस ह्यांच्यात जड कार्बन जास्त असतो, त्यामुळं कडब्यावरच्या म्हशीचा मिथेन सोयाबीनच्या गुळीवरच्या म्हशीपेक्षा जड निघतो. पोरांना हे सांगितलं तर मीटर सोडून गव्हाणीकडंच पळाली.

पण खाली जमिनीवर कुणी किती मिथेन सोडला हा हिशेब बसवायचा तर वर आभाळात काय होतंय ते पण लागतं. हैदराबादला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र आहे, त्यांचे फुगे तीसेक किलोमीटर वर जातात आणि यंत्रं पॅराशूटनं खाली येतात, कधी आपल्या लातूर-नांदेड-बीडच्या शिवारातबी. (सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी बातमी पेपरात येती ती हीच.) हैदराबादहून, फ्रान्सातून आणि स्वीडनच्या किरुनाहून असल्या फुग्यांनी वरची हवा स्टीलच्या बाटल्यांत गोठवून आणली, १६ वर्षांतले ते नमुने मोजून २०११ ला निकाल छापला. खाली १८०० पीपीबी (म्हणजे १.८ पीपीएम) असलेला मिथेन वर २५० पीपीबीपर्यंत उतरलेला आणि कार्बनचा आकडा उणे ४७ वरून उणे १४ वर चढलेला!

का, तर म्हैस कडब्याची पानं आधी ओढून खाती आणि गव्हाणीत धांडे उरतात ना, तसंच. वर क्लोरीन, हायड्रॉक्सिल हे मिथेन खातात, म्हणजे त्याच्याशी क्रिया करून त्याला मोडतात, त्यात हलका रेणू आधी जातो, जड मागं राहतो. क्लोरीनची निवड तर लईच कडक. आणि ही जड हवा हळूहळू खाली उतरून मिसळती, म्हणून वर किती खाल्लं ते धरल्याशिवाय खाली कुणी किती सोडला ते नीट निघत नाही.

तर १,७५० च्या डबड्याकडनं एवढी अपेक्षा नव्हती माझी, पण मग लिहू नका ना ओ 'सोर्स' म्हणून. रिटर्न केलं नाही, कॉकपाशी खिळ्याला टांगलंय. घेणाऱ्यानं एवढं बघा, वॉरंटी कार्ड कोरं येतंय, बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं तापू द्या, त्याच्या आधीचा आकडा खोटा असतो.