ऐरोलीच्या उन्हाळ्यात वाइन कुलर: एक परत न गेलेला, एक टिकलेला

मी रबाळ्याला एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. गोळ्यांच्या पट्ट्या ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्‌महिने ठेवायच्या आणि त्यांचं काय होतं ते तपासायचं, हे माझं रोजचं काम. ऊब आणि दमट हवा मालाचं काय करते हे मला पाठ आहे. तरीसुद्धा घरातली वाइन मी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरच्या कपाटात ठेवली होती. ती का गेली हे आधी सांगते, मग कुलरचं, म्हणजे वाइन ठराविक थंडाव्यात ठेवणाऱ्या छोट्या फ्रिजचं.

माझं माहेर निफाड तालुक्यात. दादाने २०१४ मध्ये दीड एकर थॉमसन ही खायची द्राक्षं काढून शिराझ ही वाइनची लावली, वायनरीशी करार करून. २०१७च्या मार्चमध्ये पहिला माल गेला. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा भरला की शेतकरी खूश असतो. इथे उलटं, मणी बारीकच हवा आणि साखर रिफ्रॅक्टोमीटरवर मोजून तोडणीचा दिवस ठरतो. ती वाइन बाटलीत आली तेव्हा दादाने बारा बाटल्या घेतल्या. सहा मला दिल्या, सहा स्वतःच्या माजघरात ठेवल्या.

पहिली आम्ही २०१८च्या दिवाळीत उघडली, छान होती. मग २०२० साली दोन उघडल्या. दोन्हींचे कॉर्क वर सरकलेले, बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ, रंग विटकरी, वास शिजवलेल्या मनुकांचा. चवीला नुसती आंबूस. राहिलेल्या तिन्ही तशाच निघाल्या. त्याच वर्षी दिवाळीला निफाडला दादाकडची एक उघडली तर ती जांभळट लाल, मिरीसारखा तिखट वास, अगदी ठणठणीत. एकच शेत, एकच पीक, एकाच दिवशी भरलेल्या बाटल्या. फरक फक्त दोन फुटी मातीच्या भिंतींचा. मी त्या रात्री नीट जेवले नाही.

कारण साधं आहे. फ्रिजची मोटर मागून गरम हवा वर सोडते आणि ती सगळी त्या कपाटात साठते. खाली गॅस. दिवसा बाटली तापते, द्रव फुगतो आणि कॉर्कला ढकलतो. रात्री निवते, आकसते आणि कॉर्कच्या कडेने हवा आत ओढते. हे रोज होत राहिलं की वाइन टिकणार कशी? वाइनला बारा-तेरा अंश मानवतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तापमान हलता कामा नये. कायम पंधरावर असलेली बाटली रोज बारा ते वीस फिरणाऱ्या बाटलीपेक्षा कितीतरी सुखी असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बारा बाटल्यांचा कुलर घेतला, साडेचौदा हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका कंपनीचा नाही, यंत्राच्या प्रकाराचा आहे. हा थर्मोइलेक्ट्रिक होता. यात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो, थंड करणारा गॅस नसतो. १८३४ मध्ये सापडलेल्या पेल्टिए परिणामावर तो चालतो: दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार होते, दुसरी गरम. गरम बाजूची हवा मागचा पंखा बाहेर फेकतो. आवाज जवळजवळ नाही, थरथर नाही. कागदावर वाइनसाठी याहून चांगलं काय असणार? हिवाळाभर काच १३ दाखवत होती आणि मी समाधानी होते.

एप्रिल आला. आमचा हॉल पश्चिमेचा, पाचवा मजला, दुपारी आत ३४. काचेवर १९ दिसायला लागले. मग आम्ही कंपनीत करतो तेच मी घरी केलं. रिकामी वाइनची बाटली पाण्याने भरली, तिच्यात तापमान सतत नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा प्रोब सोडला, तोंड बंद केलं आणि ती मधल्या फळीवर ठेवली. लसींच्या फ्रिजमध्येही प्रोब असाच द्रवात बुडवतात, कारण आपल्याला मालाचं तापमान हवं असतं, हवेचं नव्हे. दहा दिवसांचा आलेख काढला: दुपारी २०, पहाटे १७. रोज तीन अंशांचा झोका. म्हणजे कपाटातला प्रकार मी पैसे देऊन विजेवर सुरू ठेवला होता.

हे यंत्र बाहेरच्या हवेपेक्षा ठराविक अंशच खाली जाऊ शकतं, साधारण बारा ते पंधरा. माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे आकडे खोलीचं तापमान २५ असताना आहेत. ऐरोलीत एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात २५ अंशांचा हॉल कोणाचा असतो? तक्रार केल्यावर माणूस आला आणि म्हणाला, ‘मॅडम, हॉलमध्ये एसी चालू ठेवा.’ यंत्रात बिघाड नाही म्हणून परत घ्यायलाही नकार. याचा मला अजून राग आहे. मुंबई-ठाण्याच्या गिऱ्हाइकाला हा प्रकार विकताना दुकानात एकाने तरी हे सांगायला हवं होतं. वीजही जास्त खातो, कारण तो थांबतच नाही. प्लगच्या मीटरवर दिवसाला दीड युनिट.

ऑगस्ट २०२३ मध्ये कॉम्प्रेसरवाला घेतला, वीस बाटल्यांचा, ३१ हजार. त्याच्यावर दोन पूर्ण उन्हाळे काढल्यावर हे लिहिते आहे. तीच पाण्याची बाटली, तोच लॉगर. बाहेर ३४ असताना बाटलीत १३, आणि दिवसभरातला फरक अर्ध्या अंशाच्या आसपास. काचेवरचा आकडा अकरा-पंधरा असा नाचतो, पण तो हवेचा आकडा असतो, त्याने घाबरू नका. वीज दिवसाला साधारण ०.६ युनिट. एकदा जूनमध्ये चार तास वीज नव्हती तेव्हा बाटली सतराच्या जवळ गेली. त्या वेळी दार उघडायचं नाही, बस.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कॉम्प्रेसर सुरू होताना एक धक्का बसतो. लाकडी फळ्यांमुळे तो बाटल्यांपर्यंत फारसा पोचत नाही, पण आई हॉलमध्ये झोपतात, त्यांची पहिल्या आठवड्यात झोपमोड झाली. पायांखाली जाड रबराचे तुकडे घातल्यावर आवाज बराच बसला. ‘आता सवय झाली गं,’ असं त्या म्हणतात खऱ्या, पण एक बीएचके असेल तर घेण्याआधी दुकानात तो सुरू होताना कान लावून ऐका. पावसाळ्यात दाराच्या काचेवर पाणी धरतं आणि लेबलांना बुरशी येते. लेबल जपायचं असेल तर बाटलीला किचनमधली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. डिसेंबरात उलट, आत हवा कोरडी पडते. तेव्हा मी खालच्या फळीवर पाण्याची वाटी ठेवते, म्हणजे कॉर्क सुकत नाहीत.

सुतार म्हणत होता, ट्रॉलीत बसवून देतो, छान दिसेल. बसवू दिला नाही. माझ्या मॉडेलची गरम हवा मागून निघते, तिला वीतभर मोकळी जागा लागते. ओट्याखाली बसवायचाच असेल तर पुढून हवा सोडणारा प्रकार विचारून घ्या.

आणि सगळ्यांनी हा घ्यावा असंही नाही. बाटली आणून महिना-दोन महिन्यांत संपत असेल तर पैसे वाचवा. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट पुरे, मे महिना सोडून. सुलाच्या बऱ्याच बाटल्यांना स्क्रू कॅप असते, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. आडवी ठेवायची ती कॉर्कची. उघडलेली बाटली झाकण लावून सरळ घरच्या फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायची. पण न उघडलेली तिथे वर्षभर ठेवू नका: चार अंश फार थंड, हवा कोरडी आणि दार दिवसातून पन्नासदा उघडतं.

जपून ठेवण्यासारखं काही असेल तरच कुलर. माझ्याकडे अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते आहे, सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यॉं या द्राक्षांची, दोन-तीन नाशिकच्या रेड आहेत. गेल्या वर्षी दादा आला तेव्हा माजघरात उरलेल्या २०१७च्या तिन्ही बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आला. ‘घर पाडून नवं बांधतोय, आता त्या तुझ्याकडेच राहू दे,’ म्हणाला. एक आम्ही त्याच रात्री उघडली. त्याने ग्लास दिव्यासमोर धरला, वास घेतला आणि बराच वेळ शेताबद्दलच बोलत राहिला. उरलेल्या दोन खालच्या फळीवर, मागच्या बाजूला, पाण्याच्या बाटलीशेजारी आहेत.